बासचा नॉब किती फिरवावा?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेचा सोहळा झाला. दरवर्षी त्या दिवसांत शहरात भीमगीतांचे कार्यक्रम होतात. ही गाणी शब्दांची. पण बास गिटारचा घुमारा वाढला, की नेमके शब्दच ऐकू येईनासे होतात. शाळेच्या स्नेहसंमेलनातही हेच घडते. बास स्पष्ट नाही म्हणून वादक बासचा नॉब पुढे सरकवतो आणि गोंधळ वाढतो. असे का व्हावे?

बास गिटारच्या चार मोकळ्या तारांची कंपनसंख्या सुमारे ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झ असते. परंतु तार केवळ मूलस्वर देत नाही. ४१ सोबत ८२, १२३, १६४ असे उपस्वरही निघतात. मूलस्वर क्षीण असला तरी या उपस्वरांवरून आपल्याला ४१चाच स्वर जाणवतो. जुन्या टेलिफोनवरून ३०० हर्ट्झखालचा ध्वनी जवळजवळ जातच नसे. पुरुषाच्या आवाजाचा मूलस्वर त्याच्या बराच खाली असतो. तरी पलीकडे काका बोलताहेत की काकू, हे लगेच कळे!

बासच्या नॉबने मुख्यतः खालच्या स्वरांचा पट्टा वाढतो. त्यात १० डेसिबलची वाढ म्हणजे दहापट शक्ती. लहान स्पीकरचा पडदा तेवढा हलू शकत नाही, मग आवाज फाटतो. म्हणून आधी सर्व नॉब मध्यावर ठेवावेत. घुमारा असेल तर बास थोडा कमी करावा. स्वर उमटत नसेल तर मिडल किंचित वाढवावा. ५०० ते १००० हर्ट्झच्या आसपासचे उपस्वर स्वराला ठसठशीतपणा देतात. ट्रेबल शेवटी, बोटे घासल्याची खरखर आली, की मागे घ्यावा. हे सारे गायक गात असतानाच करावे. एकट्याने वाजवताना गोड वाटणारा गुबगुबीत आवाज वाद्यमेळात बहुधा हरवतो.

बंद खोलीत आणखी एक भानगड असते. ५५ हर्ट्झची तरंगलांबी सव्वासहा मीटर. वर्गाची लांबी तेवढीच असेल तर समोरासमोरच्या भिंतींमध्ये स्थिर तरंग तयार होतो. बासचा स्पीकर एका भिंतीलगत ठेवून तोच स्वर वाजवत राहावा आणि विद्यार्थ्यांना वर्गातून सावकाश चालायला सांगावे. भिंतींजवळ व मध्यभागी तो मोठा, तर लांबीच्या पाव आणि पाऊण अंतरावर बारीक ऐकू येईल. याला नॉब काय करणार? तिथे स्पीकरची जागाच बदलून पाहावी.

हे गणित २२ अंश सेल्सिअस तापमानाचे आहे. तेव्हा ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर असतो. नागपुरात हिवाळ्यातल्या रात्री पारा १० अंशांवर येतो, तेव्हा तो ३३७ होतो. मे महिन्यात ४५ अंशांना ३५८. त्यामुळे तोच वर्ग हिवाळ्यात ५४, तर उन्हाळ्यात ५७ हर्ट्झला घुमतो. हार्मोनियमवर हा फरक जवळजवळ एका पट्टीचा भरतो.