बंब आला, पण पाणी का नाही?

अग्निशमन दलाची सगळी घडण वेगासाठी झाली आहे. घंटा वाजली की बघता बघता गाडी फाटकाबाहेर, जागेवर पोचताच होज उलगडायचा, ब्रांच, म्हणजे होजची तोटी, हातात घ्यायची आणि पाण्याचा मारा सुरू. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो १९४४ साली मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ. आगीच्या दिशेने धावणारा माणूस हीच या सेवेची स्वतःबद्दलची कल्पना आहे. ॲसिडचा टँकर कलंडतो तेव्हा मात्र जाणतं दल उलटं वागतं. गाडी पन्नास-शंभर मीटर अलीकडेच थांबते, वारा पाठीशी आणि उतार समोर राहील अशी. जवान उतरतात, पण पुढे जात नाहीत. अधिकारी दुर्बीण लावून टँकरवरची पाटी वाचत बसतो. गर्दी ओरडते, कुणीतरी मोबाइल काढतं, आणि ‘बंब आला पण पाणी मारायला तयार नाही’ ही बातमी गावभर होते. या थांबण्याला ढिलाई म्हणणं चूक आहे. ॲसिडगळतीच्या कामात सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचं कौशल्य हेच: पहिला पाव तास हात आवरून धरणं.

कारण ॲसिडच्या स्वभावात आहे. खत, रंग, बॅटरी, पोलादाची सफाई अशा किती उद्योगांना सल्फ्युरिक ॲसिड, म्हणजे गंधकाम्ल, लागतं. ९८ टक्के तीव्रतेचं हे द्रव तेलासारखं घट्ट आणि पाण्याच्या १.८४ पट जड. ते स्वतः पेटत नाही. पण पाण्यात मिसळताना त्यातून इतकी उष्णता निघते की एका किलोमागे जवळपास तीन लिटर साधं पाणी उकळीला यावं. शिवाय ही उष्णता सगळीकडे सारखी पसरत नाही. हलकं पाणी ॲसिडच्या वर राहतं, दोन्ही जिथे भेटतात तिथेच उकळतं आणि ॲसिडचे थेंब चौफेर उडवतं. ॲसिड पाण्यात ओतावं, पाणी ॲसिडमध्ये ओतू नये, हे शाळेच्या प्रयोगशाळेत सगळेच शिकतात. रस्त्यावर होज सोडणारा नेमकं निषिद्ध तेच करत असतो, तेही शेकडो लिटरच्या हिशेबाने. याहून कमी ठाऊक असलेली गोष्ट टाकीच्या पत्र्याची. तीव्र गंधकाम्ल साध्या पोलादी टाकीतून नेता येतं, कारण पोलादावर लोहसल्फेटचा थर बसतो आणि पुढची झीज रोखतो. पाणी लागलं की तो थर विरघळतो, पातळ झालेलं ॲसिड पोलाद खायला लागतं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. म्हणजे गळक्या वॉल्व्हवर थेट झोत मारणारा जवान भोक बुजवत नसतो, मोठं करत असतो; आणि जिथे आग नव्हती तिथे आगीची सोय करत असतो.

बरं, सगळी ॲसिडं एका माळेचे मणीही नव्हेत. हायड्रोक्लोरिक ॲसिड मुळातच वायूचं पाण्यातलं द्रावण. त्याची खरी पीडा धुराची, आणि तो धूर बारीक फवाऱ्याने चांगला खाली बसतो. नायट्रिक ॲसिडवर लाकडाचा भुसा टाकला, गोणपाट टाकलं, तर तेच पेटू शकतं. त्याचा तांबूस वायू हुंगलेला माणूस तासन्‌तास ठणठणीत दिसतो आणि मग त्याच्या फुप्फुसात पाणी भरतं. अशा जवानाला लगेच घरी सोडायचं नसतं. ओलियम तर हवेतल्या दमटपणानेच पांढऱ्या ढगासारखं उठतं. ४ डिसेंबर १९८५ रोजी दिल्लीत श्रीराम कारखान्यातून गळलं ते हेच, आणि त्यासंबंधीच्या खटल्यातून सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगांच्या संपूर्ण दायित्वाचं तत्त्व सांगितलं.

म्हणून आधी पाटी वाचायची. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार अशा वाहनावर मालाचं नाव, यूएन क्रमांक, धोक्याचं चिन्ह आणि माल पाठवणाऱ्याचा दूरध्वनी असलेला फलक सक्तीचा आहे. सोबत काय करायचं ते सांगणारा हॅझकेम संकेत असला की अधिकाऱ्याचं निम्मं काम झालं. गंधकाम्लाचा क्रमांक १८३०, संकेत ‘२पी’: दोन म्हणजे बारीक फवारा, पी म्हणजे अंगभर द्रवरोधक पोशाख, उसळून येण्याची भीती, आणि सांडलेलं पातळ करून वाहू द्यायला मुभा. शेजारचाच क्रमांक १८३१, ओलियमचा, त्याचा संकेत ‘४डब्ल्यूई’: पाण्याचा स्पर्शही नको, कोरडी माती-वाळूच वापरा, सांडलेलं अडवा, वस्ती हलवण्याचा विचार करा. चिखलाने माखलेल्या पाटीवरचा शेवटचा आकडा शून्य की एक, यावर इथे सगळी मोहीम फिरते. तो आकडा नीट दिसेपर्यंत थांबणाऱ्याला भित्रा कसं म्हणणार?

यावर कुणी पेचात पकडेल: गंधकाम्लाचा संकेतच पातळ करा म्हणतो, मग पाण्याला एवढा विरोध का? आक्षेप रास्त आहे. रस्त्यावर पसरलेला पातळ थर दुरून, भरपूर पाण्याने धुऊन काढणं योग्यच. पण अख्खा टँकर ‘धुऊन टाकू’ म्हणणाऱ्याने हिशेब मांडावा. एक लिटर तीव्र गंधकाम्लाचा सामू तीनपर्यंत आणायला सुमारे ३६ हजार लिटर पाणी लागतं, आणि तेही शेवटी लिंबूपाण्याइतकं आंबटच राहणार. पाच हजार लिटरचे सात बंब, एका लिटरसाठी! वीस टनांच्या टँकरमध्ये असे जवळपास अकरा हजार लिटर असतात. म्हणजे पाणी मारून ॲसिड संपत नाही, ते फक्त ओढ्यात जातं, आणि खाली गाव असतं.

म्हणून उताराकडच्या मोऱ्या आणि गटारांची तोंडं वाळूच्या गोण्यांनी बंद करणं, मातीचा बांध घालणं, चर खणून ॲसिड एका जागी साठवणं ही दिसायला गवंडीकामाची कामं खरी मोहीम असतात. मग सोडा ॲश टाकून ॲसिड मारून का टाकत नाहीत? इथेही हिशेब आडवा येतो: वीस टनांना साडेएकवीस टन सोडा, पन्नास किलोच्या चारशे तीसेक गोण्या, आणि वर कर्बवायूचा फेस. चुन्याची फक्की वजनाने कमी लागते, पण तिने वर जिप्समची साय धरते. पांढरी, शांत, आणि तिच्याखाली ॲसिड जिवंतच. कॉस्टिक सोडा तर उष्णतेत भरच घालतो. त्यामुळे शहाणं दल टाकीत उरलेला माल ॲसिडपंपाने दुसऱ्या टँकरमध्ये काढवून घेतं, तळाशी राहिलेल्यापुरताच सोडा थोडा थोडा वापरतं आणि सामूपट्टी बोलेपर्यंत रस्ता सोडत नाही.

सगळ्यात बोचरा आक्षेप मात्र केबिनमध्ये अडकलेल्या चालकाचा. तो तडफडत असताना कुणी पाटी वाचत बसावं? इथे नियम बदलतो, आणि बदललाच पाहिजे. माणूस जिवंत असेल तर श्वसनसंच आणि पोशाख चढवून दोघं आत जातात, तसेच तयार दोघं बाहेर उभे राहतात. ती मागची जोडी नसेल तर आत गेलेलेच उद्याचे जखमी. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये तीनशे बार दाबाने भरलेली हवा कागदावर पाऊण तास पुरते. पण बंद पोशाखात घाम वाळत नाही. कोकणातल्या उन्हात कष्टाचं काम करताना धाप वाढते आणि पंचवीस मिनिटांत हवा संपत येते. त्यातूनच परतीची आणि अंगावरचा पोशाख धुऊन घेण्याची मिनिटं वजा करायची, कारण न धुता झिप उघडली तर पोशाख घातल्याचा उपयोगच काय? बाहेर काढलेल्या चालकावर मात्र पाणी हात राखून वापरायचं नाही. भिजलेले कपडे उतरवून, कमी दाबाने, किमान पंधरा-वीस मिनिटं सलग. पाणी इथेच लागतं, आणि टँकरवर उधळलं असेल तर नेमकं इथेच कमी पडतं.

लहान नगरपालिकांकडे असले पोशाख कुठून येणार, हा प्रश्न खरा आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा असायला हवा. ज्याच्याकडे पोशाख नाही त्याने तर आणखीच लांब राहिलं पाहिजे. दुर्बीण, वाळू, जेसीबी आणि वाऱ्याचा अंदाज यांना मोठा निधी लागत नाही. तारापूर, तळोजा, लोटे, महाड या पट्ट्यांत कारखान्यांकडे ॲसिड हाताळणारी माणसं आणि पंप असतात, औद्योगिक विकास महामंडळाची अग्निशमन केंद्रं आहेत. त्यांना पहिल्या पाच मिनिटांत बोलावलं तर जीपमध्ये गमबूट घालून आलेलं छोटं दलसुद्धा बांध घालून वेळ मिळवू शकतं. नियंत्रण कक्षाने पहिला फोन फलकावरच्या क्रमांकाला लावावा आणि तीनच गोष्टी विचाराव्यात: तीव्रता किती, माल किती, टाकीला आतून अस्तर कशाचं.