टिंबांचें वर्तमानपत्र

डोळसाच्या घरीं सकाळीं वर्तमानपत्र येतें, तेव्हां त्यांतलें आधीं काय वाचावें हें तो स्वतः ठरवितो. अंध माणसाला हा अधिकार सहसा नसतो. बीड जिल्ह्यांतील एखाद्या खेड्यांतला अंध विद्यार्थी घ्या. घरचें कोणी मोकळें असेल तेव्हां, आणि तें निवडील तेवढेंच जग त्याच्या कानीं पडावयाचें. आतां बोलकीं यंत्रें आलीं आहेत हें खरें. परंतु ऐकलेल्या शब्दाचें ऱ्हस्व-दीर्घ कानाला कळत नाहीं, तें बोटालाच शिकावें लागतें.

ही उणीव ओळखून श्री. स्वागत थोरात यांनीं १५ फेब्रुवारी २००८ रोजीं मुंबईहून ‘स्पर्शज्ञान’ हें मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलें. ब्रेल लिपींत सहा टिंबांच्या जुळणींतून ६३ निरनिराळ्या आकृति निघतात. भारतीय भाषांसाठीं १९५१ मध्यें ठरलेल्या भारती ब्रेलमध्यें एका ध्वनीला एकच आकृति आहे. त्यामुळें मराठी ‘क’ ज्या बोटाला कळला, त्याला हिंदी ‘क’ वेगळा शिकावा लागत नाहीं. कागद मात्र जाड लागतो, जागा फार लागते, आणि साध्या छायाचित्राचा उपयोग नाहीं; जें डोळसाला चित्रानें कळतें, तें संपादकाला शब्दांनींच उभें करावें लागतें. एवढा जड अंक दूर धाडणें परवडलें नसतें. पण अंधांसाठींच्या वाङ्मयाला टपालखात्यानें हशील माफ केलेलें आहे.

या पाक्षिकाच्या उपसंपादक म्हणून ज्यांनीं काम केलें, त्या श्रीमती सोनाली नवांगुल स्वतः डोळस आहेत; त्यांची अडचण निराळी. सांगली जिल्ह्यांतील बत्तीस शिराळा हें त्यांचें गांव. नवव्या वर्षीं बैलगाडीच्या अपघातांत पाठीच्या कण्याला इजा झाली आणि चालणें कायमचें थांबलें. पुढचें शिक्षण बव्हंशीं घरींच झालें. २००० सालीं त्या कोल्हापुरास, श्रीमती नसीमा हुरजूक यांनीं १९८४ मध्यें स्थापिलेल्या ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ या संस्थेंत आल्या. नसीमाबाईही चाकाच्या खुर्चीवरच्याच. तेथें कांहीं वर्षें काम करून श्रीमती नवांगुल यांनीं त्याच शहरांत स्वतंत्र बिऱ्हाड केलें, आणि पत्रकारिता, लेखन व अनुवाद यांस वाहून घेतलें.

स्वतंत्र बिऱ्हाड म्हणणें सोपें आहे. चाकाच्या खुर्चीला दार तीन फूट रुंद हवें. उतरण उंचीच्या बारापट लांब हवी, म्हणजे अर्ध्या फुटाच्या एका पायरीसाठीं सहा फूट. दारापुढें हौसेनें पायरी बांधतांना आपण कोणाला बाहेर ठेवीत आहोंत, याचा हिशेब बांधणारा करीत नाहीं. श्रीमती नवांगुल आपल्या लेखांतून व व्याख्यानांतून हाच हिशेब, कींव न मागतां, मांडीत आल्या आहेत. २०१६ च्या कायद्यानें सार्वजनिक इमारती सुगम करण्यास पांच वर्षांची मुदत दिली होती. ती उलटून गेल्यावर, ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं, हे नियम नुसते शिफारशीचे न ठेवतां बंधनकारक करा, असें सर्वोच्च न्यायालयाला सांगावें लागलें.

तमिळ लेखिका सल्मा यांच्या कादंबरीचा श्रीमती नवांगुल यांनीं केलेला ‘मध्यरात्रीनंतरचे तास’ हा मराठी अनुवाद साहित्य अकादमीच्या २०२० च्या अनुवाद पुरस्कारास पात्र ठरला. घराच्या चार भिंतींत राहावें लागणाऱ्या मुस्लिम स्त्रियांची ती कथा आहे. सल्मा यांना स्वतःला वयांत येतांच शाळा सोडून घरांत बसावें लागलें होतें. अनुवादिकेनेंही शाळेचीं बरींच वर्षें घरांतच काढलेलीं होतीं.