नांदेड ते मुंबई विमानाने किती वेळ?

मुंबईहून निरोप येतो, "आबा, पोरगा दवाखान्यात आहे, लवकर या." लोह्यातला माणूस घाबरून विचारतो, "विमानाने गेलो तर कधी पोचेन?" कोणी तरी सांगतो, "अहो, तासाभराचं तर काम!" इथेच फसगत होते. म्हणून हा हिशेब आपण नीट मांडून पाहू.

आधी अंतर. नांदेडहून रेल्वे परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर करीत वर मनमाडला चढते. मग नाशिकवरून कसाऱ्याचा घाट उतरून मुंबईला जाते. हा वळसा ६०० किलोमीटरच्या वर भरतो. गाडीला दहा-बारा तास लागतात. पण नकाशात पाहा. मुंबई नांदेडच्या जवळजवळ सरळ मावळतीला आहे. दोन्ही विमानतळांमध्ये आभाळातून दोरी ताणली, तर ती सुमारे ४७० किलोमीटर भरेल. धुऱ्याने न जाता वावरातून आडवे गेलो की वाट कमी होते ना, तसेच हे.

विमान वर गेले की तासाला ५०० ते ८०० किलोमीटर पळते. मग तासाच्या आतच पोचायला हवे! पण तसे होत नाही. विमान आधी जमिनीवर हळू चालते, मग चढते, उतरताना पुन्हा वेग कमी करते. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणून दोन्हींवर एकाच वेळी विमाने उतरवता येत नाहीत. गर्दी झाली की विमान वर घिरट्या घालीत थांबते. शिवाय वारा असतो. हिवाळ्यात उंचावर वारा मावळतीकडून येतो. सायकलवाल्याला समोरचा वारा जसा मागे रेटतो, तसा तो मुंबईला जाणाऱ्या विमानाला थोडा रेटतो. म्हणून सव्वा ते दीड तास धरावा.

आता जमिनीवरचा वेळ. आम्ही एकदा आमच्या चुलत्यांना पोचवायला गेलो होतो. विमान दोनचे. आम्ही पोचलो सव्वा वाजता. विमान समोर उभे दिसत होते, पण तिकीट तपासायची खिडकी बंद झालेली. विमान सुटण्याच्या साधारण तासभर आधी ती बंद होते, हे आम्हाला ठाऊकच नव्हते. पैसे गेले, ते गेलेच.

तर दोनच्या विमानासाठी बारा वाजता विमानतळावर असावे. तिकिटावर दोन वाजता हे १४.०० असे छापतात. लोह्याहून सोनखेडवरून नांदेड, पुढे रिक्षा, यात दीड तास जातो. म्हणजे घर साडेदहालाच सोडायचे. मुंबईत साडेतीनला उतरलात, तरी सामान घेऊन शहरात पोचेपर्यंत पाच वाजतात. झाले की नाही साडेसहा तास?

दुसरे असे, की विमान रेल्वेसारखे वेळोवेळी नसते. निरोप संध्याकाळी आला आणि विमान दुसऱ्या दिवशी दुपारी असले, तर रात्रीची रेल्वेच तुम्हाला आधी पोचवील. जास्त पैसे मोजून उशीर कशाला करायचा?

आणि तिकीट घेताना विमानतळाचे नाव वाचा. २०२५ साली नवी मुंबईचा वेगळा विमानतळ सुरू झाला. घ्यायला येणारा माणूस एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे, असे व्हायचे.