वासाची सवय आणि मज्जापेशीतील प्रथिने

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सुकत घातलेल्या मासळीचा वास परगावच्या पाहुण्याला आधी असह्य वाटतो आणि काही दिवसांनी जाणवेनासा होतो. अशी सवय मेंदूत कशी लागते, याचा उलगडा बऱ्याच अंशी फळमाशीने केला आहे. या संशोधनाची भारतातील पायाभरणी रेवदंड्याच्या उत्तरेस, मुंबईतील कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाली. तेथे ओबेद सिद्दीकी यांनी 1962 मध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला आणि गोमंतकीय कुटुंबात, केनियात जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी त्यांच्यासह 1978 मध्ये गंधज्ञानात दोष असलेल्या माश्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

अशी सवय टिकण्यासाठी मज्जापेशीत नवी प्रथिने लागतात; पण तिचा तंतू पेशीकेंद्रापासून फार दूर जात असल्याने प्रत्येक प्रथिन केंद्राजवळ बनवून पाठवणे पुरेसे ठरत नाही. म्हणून प्रथिनाची कृती सांगणारा संदेशवाहक आरएनए आधीच टोकाकडे नेला जातो आणि गरज पडताच तेथेच प्रथिन घडते. यालाच स्थानिक प्रथिननिर्मिती म्हणतात. घ्राणसंस्थेच्या घडणीतही तिचा माग लागतो, कारण नाकातील मज्जातंतू मेंदूतील नेमक्या गुच्छाशी जोडले जातात आणि गंधग्राहकाचा आरएनए उंदरांमध्ये त्या तंतूंच्या टोकांशी 1994 मध्ये आढळला.

पुढे संशोधक मणी रामस्वामी व सहकाऱ्यांनी दाखवले की, माशीला चार दिवस एकच वास दिल्यास तिला त्याची सवय जडते. परंतु मज्जापेशीतील आरएनएचे नियंत्रण करणारे अ‍ॅटॅक्सिन-2 हे प्रथिन कमी केल्यास ती दीर्घकाळची सवय जडत नाही.