‘स्ट्रीट फायटर टू’ : दोषाचा नियम कसा झाला

जपानमधील कॅपकॉम या कंपनीने १९९१ साली ‘स्ट्रीट फायटर टू’ हा नाणे टाकून खेळावयाचा द्वंद्वयुद्धाचा व्हिडिओ खेळ प्रसिद्ध केला. अकिरा निशितानी व अकिरा यासुदा हे त्याचे प्रमुख रचनाकार होत. निवडीसाठी आठ योद्धे, हातात एक दांडी, आणि सहा कळा (तीन ठोशांच्या, तीन लाथांच्या) एवढीच खेळाडूची सामग्री. या आठांत धालसिम नावाचा एक भारतीय योगीही आहे. त्याचे हातपाय वाटेल तितके लांबतात व तो तोंडातून अग्नी ओकतो. योगशास्त्राच्या अभ्यासकांनी तिकडे कानाडोळा केलेला बरा. या जातीच्या पुढील असंख्य खेळांचा साचा येथेच सिद्ध झाला, हे सर्वमान्य आहे. तथापि हा साचा संपूर्णपणे योजनापूर्वक घडविला गेला, अशी जर कोणाची समजूत असेल तर ती तपासून पाहावयास हवी. कारण त्याचे सर्वांत महत्त्वाचे अंग मूळ योजनेत नव्हतेच.

हे अंग म्हणजे ‘काँबो’, अर्थात प्रतिस्पर्ध्याला मध्ये सावरू न देणारी प्रहारांची साखळी. पडद्यावरील चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा बदलते, आणि प्रत्येक हालचालीचा हिशेब या चित्रांच्या संख्येतच होतो. प्रत्येक प्रहाराचे तीन टप्पे असतात : हात उगारणे, प्रहार लागणे आणि हात परत येणे. ज्याला प्रहार लागतो तो काही चित्रांपुरता निश्चेष्ट राहतो. पण मारणाराही तेवढ्या वेळात हात आवरण्यात गुंतलेला असल्यामुळे सामान्यतः दोघे बरोबरीने मोकळे होतात. मात्र काही साध्या प्रहारांच्या मधोमध विशेष डावाची आज्ञा दिली, तर यंत्र ती स्वीकारते आणि हात परत येण्याचा टप्पा गाळून टाकते. रियूने जवळून जोरदार ठोसा मारावा, तो लागताच दांडी खालून पुढे फिरवून ‘हादोकेन’ची कळ दाबावी, प्रतिस्पर्धी शुद्धीवर येण्यापूर्वीच दुसरा आघात त्याच्यावर कोसळतो. त्याला बचावाची संधीच उरत नाही.

खेळातील दोष तपासताना, मोटारगाडी फोडण्याच्या मधल्या फेरीत, नोरिताका फुनामिझु यांच्या हे प्रथम ध्यानात आले. एवढ्या सूक्ष्म वेळेचे गणित कोणाला साधणार नाही, असे त्यांना वाटले; म्हणून तो प्रकार एक गुप्त वैशिष्ट्य म्हणून तसाच राहू दिला गेला. खेळाडूंच्या चिकाटीविषयीचा हा अंदाज पार चुकला, हे सांगावयास नकोच.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. त्याच आवृत्तीत इतरही दोष होते. गाइल या योद्ध्याच्या एका युक्तीने प्रतिस्पर्धी जणू बेड्या घातल्यासारखा त्याला जखडला जाई. दुसऱ्या एकीने तर यंत्रच पुन्हा आरंभापासून सुरू होई. हे दोष पुढे काढून टाकले गेले, काँबो मात्र टिकला. असे का? गाइलच्या युक्तीने खेळ थांबत असे, तर काँबोने तो पुढे जात असे. शिवाय बेड्या एकट्या गाइलपाशी होत्या; साखळीचा लाभ मात्र थोड्याफार फरकाने बहुतेकांना घेता येई. दोष कोणता व गुण कोणता, याचा निवाडा या खेळापुरता तरी रचनाकारांनी केलेला नाही. तो खेळणारांनी केला. १९९३ च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर टू’ने साखळीतील आघात मोजून ती संख्या पडद्यावर दाखविण्यास आरंभ केला, तेव्हा त्या निवाड्यावर अधिकृत मोहोर उमटली.

म्हणूनच या खेळाचे पुनरवलोकन करणाऱ्याने प्रथम आवृत्ती निश्चित केली पाहिजे. १९९२ मध्ये घरगुती यंत्रासाठी निघालेला अवतार वेगळ्या यंत्रावर नव्याने बांधलेला आहे. चित्रांच्या हिशेबाविषयी त्याची साक्ष मूळ यंत्राच्या साक्षीइतकी ग्राह्य मानता येत नाही. मूळ यंत्रांची अवस्थाही बिकट आहे. १९९३ पासूनच्या आवृत्त्या ज्या पाटीवर चालत, तिच्यात नकलांना आळा घालण्यासाठी आज्ञावली कूटबद्ध केलेली असे, आणि ती उलगडण्याची किल्ली एका लहानशा विद्युत्घटाच्या जोरावर स्मृतीत टिकून राही. घट संपला की किल्ली नष्ट होते, आणि एरवी धडधाकट असलेली पाटी मुकी होते. हे कूट हौशी अभ्यासकांनी पुढे उलगडले, म्हणूनच त्या आवृत्त्या आज अन्य संगणकांवर, त्यांतील दोषांसह, अभ्यासता येतात.