कौलावरचे शेवाळ

आमच्या कसालकडे चार महिने पाऊस कोसळतो आणि दसऱ्याला पाहावे तो कौले हिरवीगार! मालक म्हणतो, "गडी चढवा, खरवडून काढा!" घाई इथेच नडते.

कौल म्हणजे भाजलेली माती. ती थोडे पाणी पितेच. त्यावर फणसाची सावली नि कुजका पाला पडला की शेवाळाला आणखी काय हवे? काळपट, बुळबुळीत थर बहुधा रूपच बिघडवतो. मखमलीसारखी गादी मात्र घातक. तिला खरी मुळे नसतात. पण ती पाणी धरून ठेवते, कौलांच्या खाचा बुजवते. मग पाणी आत उलटते आणि रिपा-वासे कुजतात.

तेव्हा आधी ओल तोडा. छपरावर आलेल्या फांद्या छाटा, पाला काढा. चैत्रात शेवाळ वाळले की काथ्याच्या ब्रशाने आढ्याकडून पागोळीकडे झाडा. तारेच्या ब्रशाने कौलाचा वरचा गुळगुळीत थर जातो आणि पुढे शेवाळ अधिकच धरते. ब्लीचिंग पावडरने ते मरते. पण ते पाणी विहिरीत वा माडाच्या आळ्यात जाता कामा नये.

आणि वर चढणारा माणूस? ओले शेवाळ साबणासारखे निसरडे. म्हणून शिडी बांधलेली हवी, पायाखाली फळी हवी, कमरेला दोर हवा, आणि काम उक्ते नव्हे, रोजावर हवे. उक्त्याची घाईच पाय घसरवते. संघटनेच्या कामात असे मोडलेले हात मी पाहिले आहेत. कौल फुटले तर दुसरे मिळते. हात मोडला तर त्या घरची चूल विझते.