जुन्या कपाटाला नवा रंग

आजोबा-पणजोबांच्या काळातील एखादे लाकडी कपाट, पाळणा किंवा खुर्ची आपल्याकडे पुष्कळ घरांत आढळते. रंगाचे पोपडे निघालेले, बिजागऱ्या सैल झालेल्या, अशा स्थितीत ती वस्तू माळ्यावर किंवा पडवीच्या कोपऱ्यात पडून राहते. 'एकदा रंग फासला की झाले!' असे कोणी तरी म्हणते. बाजारातून डबा आणि कुंचला येतो व तासाभरात कपाट चकचकीत दिसू लागते. परंतु एक पावसाळा उलटतो न उलटतो तोच तो नवा रंगही सुटू लागतो. असे का होते बरे?

तैलरंगात दोन मुख्य गोष्टी असतात : रंगाची बारीक पूड आणि तिला धरून ठेवणारे तेल. पूर्वीपासून यासाठी जवसाचे तेल वापरीत आले आहेत. हे तेल पाण्याप्रमाणे उडून जाऊन वाळत नाही. हवेतील प्राणवायू शोषून घेऊन ते घट्ट होते आणि त्याचा चिवट पापुद्रा बनतो. हा पापुद्रा ज्यावर बसेल त्यालाच चिकटणार. लाकडावर धूळ, चुलीच्या धुराचा ओशटपणा किंवा सुटत आलेला जुना रंग असेल, तर नवा रंग त्या मळाला चिकटतो आणि मळाबरोबरच गळून पडतो. म्हणून रंगाऱ्याचे निम्म्याहून अधिक काम कुंचला हाती घेण्यापूर्वीच व्हावे लागते.

तत्पूर्वी एक विचार करावा. वस्तू कोरीव सागाची किंवा शिसवीची असेल, तर तिच्यावर रंग चढवूच नये. त्या लाकडाच्या रेषा हेच त्याचे सौंदर्य होय, आणि ते लाखेच्या पॉलिशाखाली खुलते. शिसवी पेटीवर निळा रंग फासणाऱ्यास काय म्हणावे! रंग शोभतो तो साध्या, ठिगळे लावलेल्या, डागाळलेल्या लाकडाला.

आता जुना रंग काढावयाचा. या कामात एक मोठा धोका आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. रंग लवकर वाळावा व दीर्घकाळ टिकावा म्हणून पूर्वी त्यात शिशाची संयुगे घालीत. तुमच्या परिचयाचा शेंदूर हेही शिशाचेच एक संयुग आहे. असा जुना रंग कोरडा घासला की त्याची धूळ हवेत पसरते, श्वासावाटे किंवा हातांवरून पोटात जाते आणि विशेषतः लहान मुलांच्या मेंदूची हानी करते. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर निर्बंध घालणारे नियम २०१६ साली झाले व ते नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. त्यांनुसार अशा रंगाच्या दहा लाख भागांत शिसे ९० भागांहून अधिक असता कामा नये. पणजोबांच्या कपाटाला मात्र हा नियम कोठून ठाऊक असणार? तेव्हा जुना रंग मोठ्या माणसांनीच, नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधून, ओला करून खरवडावा. ज्योतीने जाळून तर मुळीच काढू नये. तुम्ही त्या वेळी दूर राहावे.

लाकूड स्वच्छ होऊन पूर्ण वाळले, की भेगा व खिळ्यांची छिद्रे लांबीने भरतात. खडूची पूड जवसाच्या तेलात मळून ही लांबी करीत असत. ती सुकल्यावर काचकागदाने घासावे, पण लाकडाच्या रेषांना अनुसरूनच. आडवे घासले तर ओरखडे रंगातूनही दिसतात. गाठींवर लाखेचा हात द्यावा, नाही तर त्यांतील राळ वर येऊन डाग पडतात. मग अस्तराचा हात आणि त्यावर रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. एकच जाड हात दिला, तर वरचा थर आधी सुकून आतला ओलाच राहतो व रंगाला सुरकुत्या पडतात.

हे सारे पावसाळ्यात करू नये. दमट हवेत लाकूड रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाही. पावसाळ्यात खण घट्ट बसतात ते यामुळेच. तेव्हा रंधून सैल केलेला खण उन्हाळ्यात खडखडू लागतो. खणांच्या सरकत्या कडांना तर रंग लावूच नये.

जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. प्राणवायू शोषताना तेल तापते. ती उष्णता बोळ्यात कोंडली, तर काडी न ओढताही तो पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात भिजवाव्यात किंवा घराबाहेर एकेक पसरून वाळवाव्यात. आणि कपाटाची दारे काही दिवस उघडीच राहू द्यावीत. रंग हाताला सुका लागला तरी आतून कोवळा असतो. लावलेली दारे चौकटीला चिकटून बसतात, आणि ओढून उघडताना रंग निघून येतो.